डोंग्यानं प्यालेलं पाणी

पांढुर्ण्यात मी नावा, म्हणजे होड्या, तपासणारा सरकारी माणूस आहे असं सांगितलं, की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग जाम नदीकडे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. उन्हाळ्यात जाममध्ये म्हशीचे खूर बुडायची मारामार असे. पुलाजवळचा पानठेलेवाला मला रोज न चुकता विचारायचा, "काय साहेब, आज किती जहाजं पकडली?" पांढुर्णा आणि सावरगावच्या मधे नदी आहे खरी, पण वर्षातले बरेच दिवस लोक ती पायांनीच ओलांडत. माझी हद्द मात्र पार सौसरच्या पुढे होती आणि तिकडे कन्हान होती. कन्हानला पूर असला की पलीकडच्या गावांचा बाजार, दवाखाना, शाळा, कचेरी सगळं एका डोंग्यावर, लाकडी नावेवर, अवलंबून असे.

माझं काम तसं साधं होतं. पावसाळ्याआधी घाटावरचा प्रत्येक डोंगा तपासायचा. फळ्या ठोकून बघायच्या, सांधे बघायचे, मग डोंगा पाण्यात उतरवून त्यात एकेक माणूस बसवायचा. डोंग्याचा काठ आणि पाणी यांच्यात नऊ इंच उरले की थांबायचं. तेवढी माणसं ही त्या डोंग्याची सवारी. पाणी जिथं टेकलं तिथं बाहेरून पांढरा पट्टा मारायचा, आणि घाटावरच्या पत्र्याच्या बोर्डावर आकडा लिहायचा. तो आकडा मी स्वतः रंगवायचो. रंगारी मिळाला असता, पण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला ते काम मनापासून आवडायचं.

आमच्या घरात लिहिणारा मी पहिला. आई संत्र्याच्या बागांत आणि कापसाच्या शेतांत मजुरी करायची. तिला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी शिकवणी चालायची, तिथून मी वर आलो. त्यामुळे कागदावर लिहिलेल्या गोष्टीवर माझा फार भरवसा. लिहिलेलं ते खरं, आणि तोंडी सांगितलेलं म्हणजे सबब, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात नवी नोकरी आणि नाकावर राग. एकूण मी घाटावर आलो की लोक जरा अंग चोरूनच उभे राहत.

त्या वर्षी जेठ महिन्यात मी सौसरला बसनं उतरलो, तिथून भाड्याची सायकल घेतली आणि ऊन डोक्यावर घेत कन्हानच्या घाटावर पोचलो. डोंगा कुठेच दिसेना. नावाडी, साठीकडे झुकलेला उंच काटक माणूस, गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याची बायको काठावर हळदी-कुंकवाची वाटी घेऊन बसली होती. नीट पाहिलं तर डोंगा पाण्याखाली होता. आत मोठमोठे गोटे भरून त्यांनी तो चक्क बुडवून ठेवला होता.

माझं डोकंच फिरलं. "तपासणीची नोटीस भेटली होती ना तुले? मंग डोंगा काहून बुडवला?"

"बुडवला नाई जी," तो शांतपणे म्हणाला. "डोंग्याले पानी पाजून राहिलो. आठ महिने लाकूड उन्हात पडलं, तहानलं आहे. आठ-दहा दिवस पेऊ द्या, मंग तपासा."

"दरसाल पाजतो आमी," बायको म्हणाली. "त्याचं पोट भरल्याबिगर सवारी घेत नाई."

मला हा शुद्ध आळस वाटला. वर तो पूजेत गुंडाळलेला. माझ्याकडे कचेरीचं परिपत्रक होतं. तपासणी कोरड्या लाकडाची करावी असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. फळीची चीर ओल्या लाकडात दिसत नाही, म्हणून ते लिहिलं होतं, आणि फळ्यांपुरतं ते बरोबरच होतं. मी परिपत्रक त्याच्यापुढे धरलं, जणू त्याला ते वाचता येणार होतं. डोंगा बाहेर काढायला लावला आणि आठ दिवस उन्हात ठेवायला सांगितलं. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो आणि तो "हो जी" म्हणत गोटे उपसत होता.

आठवड्यानं परत गेलो. डोंगा खडखडीत वाळला होता, सांध्यांत अंबाडी आणि डांबर नव्यानं भरलेलं होतं. फळ्या उत्तम होत्या. पाण्यात उतरवला तर पिसासारखा तरंगला. रिकाम्या डोंग्याचा काठ पाण्यापासून सतरा इंच वर होता. ते मी वहीत लिहिलं. मग घाटावरची माणसं एकेक करून बसवली. विसावा माणूस बसला तेव्हा बरोबर नऊ इंच उरले. पट्टा मारला आणि बोर्डावर सुबक अक्षरात लिहिलं, 'सवारी २०'.

नावाडी बोर्डाकडे बघत राहिला. "वीस म्हंजे लई होते साहेब. मी चौदा-पंधराच नेतो."

"मोजून लिहिलं आहे. तुझ्या डोळ्यादेखत मोजलं," मी म्हणालो आणि सायकलवर टांग मारली.

श्रावणात सौसरच्या बाजाराच्या दिवशी तो डोंगा बुडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पांढुर्ण्यात निरोप मिळाला. तसाच निघून मी घाट गाठला. माणसं सगळी वाचली होती, हे ऐकल्यावर मी आधी खाली बसलो. पलीकडचा काठ जवळ आला असताना वारा सुटला, उजवीकडची माणसं घाबरून डावीकडे सरकली आणि डोंग्यात पाणी शिरलं. तिथं पाणी छातीइतकंच होतं. नावाड्यानं आणि काठावरच्या गड्यांनी एकेकाला ओढून काढलं. एका म्हाताऱ्या बाईच्या पोटात फार पाणी गेलं होतं, तिला सौसरच्या दवाखान्यात नेलं होतं. त्या डोंग्यात एका मोठ्या संत्रा-बागायतदाराच्या घरच्या बायका होत्या, आणि त्यानं थेट वर तक्रार केली होती.

मी एका क्षणात ठरवून टाकलं की नावाड्यानं बाजाराच्या गर्दीत जास्त माणसं कोंबली. पाण्यातून काढलेल्या डोंग्याला मी साखळी घातली, कुलूप लावलं आणि त्याचा परवाना काढून घेतला. त्याची बायको पुढे झाली.

"वीसच होते. म्या सोता मोजून बसवले. तुमच्या बोरडावर हायेत तेवढेच."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो.

तेव्हा नावाडी म्हणाला, "सुरवातीले चौदाच नेऊन राहिलो होतो जी. त्याच्यावर घेतले का तुमचा पट्टा पान्यात जायचा, म्हून. पन लोक बोरड दाखवत. म्हनत, सरकारनं वीस लिवले, तू कोन चौदा म्हननारा? आमचा बाजार बुडवतं का? एकानं त तुमच्या कचेरीत तक्रार करतो म्हनलं. मंग म्या वीस घेतले. मले वाटलं, साहेब शिकले आहेत, तेच बरोबर असन."

मी निघालो. पण बसमध्ये बसल्यावर ते शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

घरी आई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना नावाड्याच्याच नावानं बोटं मोडत होतो. ती ऐकून घेत होती. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "बोरडावर वीस लिवलं होतं ना?"

"हो."

"मंग मी बी बसली असती बापा. मले वाचता येत नाई, पन कोनी वाचून दाखवलं असतं त विसावी मीच बसली असती. सरकारनं लिवलं म्हंजे कोनीतरी पाहूनच लिवलं असन ना?"

तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता मी पुन्हा घाट गाठला. कुलूप काढलं. नावाड्याला म्हटलं, डोंगा पूर्ण रिकामा करा, आतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसा. तो आणि मी, दोघांनी मिळून उपसला. फडक्यानं पुसून काढला. मग मी पट्टी लावून काठ ते पाणी मोजलं. साडेचौदा इंच. जेठातली वही उघडली. सतरा.

पुन्हा मोजलं. डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोजलं. साडेचौदाच. अडीच इंचाचं पाणी त्या लाकडानं पिऊन ठेवलं होतं. माणूस एकही नाही, गाठोडं एकही नाही, आणि तरी डोंगा सहा माणसं बसल्यासारखा खाली गेलेला.

"पानी पेला आहे जी तो," नावाडी म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"माणसं बोलवा," मी म्हणालो. त्याला 'बोलवा' म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घाटावर दहा-पंधरा जण होतेच. पण डोंग्यात बसायला कोणी तयार होईना. परवाच बुडालेला डोंगा, आणि ज्यानं बुडवला तो साहेबच म्हणतो बसा! शेवटी नावाड्याची बायको पहिली चढली. मग तिच्या शेजारणी आल्या, मग दोन म्हातारे, मग बाकीचे. काठालाच बांधलेल्या डोंग्यात मी एकेकाला मोजत बसवत गेलो. चौदावा माणूस बसला तेव्हा पाणी माझ्या पांढऱ्या पट्ट्याला टेकलं. नऊ इंच. चौदा हा नावाडी जेठ महिन्यात तोंडानं म्हणाला होता तोच आकडा, आणि मी परिपत्रक दाखवून खोडलेला.

तिथंच दगडावर बसून मी सगळी मापं लिहून काढली आणि तिथल्या पाच जणांच्या सह्या, अंगठे घेतले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे वरिष्ठ छिंदवाड्याहून सौसरला चौकशीसाठी आले होते. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसले होते, समोर पंचनामा तयार होता. त्यात लिहिलं होतं की डोंग्यात सव्वीस माणसं होती, नावाड्यानं क्षमतेपेक्षा जास्त सवारी भरली, सबब परवाना कायमचा रद्द करण्यात यावा. खाली फक्त माझी सही व्हायची होती.

"साहब, सवारी बीस थी," मी म्हणालो.

"किसने गिनी?"

"उसकी घरवाली ने. और जो डूबे, उन्होंने भी बताया." हे खरं होतं. येताना मी वाटेतल्या बोरगावला उतरून त्या डोंग्यातल्या चौघांना भेटलो होतो. एकानंही विसाच्या वर सांगितलं नव्हतं.

मग मी माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला. जेठातलं माप, श्रावणातलं माप, चौदा माणसं, सह्या. त्यांनी शांतपणे वाचलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आलेला, थकलेला, आणि बागायतदाराचे फोन घेऊन वैतागलेला. चष्मा काढून म्हणाले, "देखो, कोई मरा नहीं. नाववाले का परवाना जाएगा, वो मछली पकड़ लेगा. ये कागज लगाओगे तो बीस किसने लिखा, ये पूछा जाएगा. किसने लिखा था?"

"मैंने, साहब."

"अभी पक्के भी नहीं हुए हो नौकरी में."

ते खरं होतं. माझं परिवीक्षेचं एक वर्ष बाकी होतं. घरात पगार आणणारा मी एकटा. मला भीती वाटली, हे कबूल करतो. पण त्या भीतीच्याही खाली एक हट्ट होता. तो बोर्ड मी लिहिला होता. माझ्या अक्षराच्या जोरावर लोकांनी त्या म्हाताऱ्या नावाड्याचं तोंड बंद केलं होतं. आता सव्वीसच्या आकड्याखाली सही केली, की मी त्याला दुसऱ्यांदा गप्प बसवणार होतो, आणि ह्या वेळी जाणूनबुजून.

"पंचनाम्यावर मी सही नाही करणार साहेब," मी मराठीतच बोलून गेलो. मग हिंदीत सांगितलं. वेगळा कागद मागून घेतला आणि तिथं बसूनच लिहिलं: सवारीचा आकडा माझा होता. नावाड्यानं डोंगा भिजवू द्यावा असं सांगितलं असताना मी भिजवू दिला नाही, कोरड्या डोंग्यावर माप घेतलं, म्हणून आकडा चुकला. दोष नावाड्याचा नसून माझा आहे. यापुढे फळ्यांची तपासणी कोरडी आणि सवारीचं माप भिजल्यावर घ्यावं. एवढं लिहायला मला पाच मिनिटं लागली नसतील. सही करताना मात्र बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो होतो.

वरिष्ठांनी कागद घडी करून खिशात घातला. "लड़के, तुम बहुत जिद्दी हो," एवढंच म्हणाले. त्या कागदाचं ते काय करतील, याचा मला काही अंदाज येईना.

पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. डोंगा बंद होता. पलीकडची माणसं चार कोस वळसा घालून जात आणि जाताना मला शिव्या देत. नावाडी रोज घाटावर येऊन साखळी घातलेल्या डोंग्यातलं पावसाचं पाणी उपसून जायचा, असं कळलं. म्हातारी बाई दवाखान्यातून घरी आली, तेव्हा मी तिला भेटायला गेलो. तिनं मला ओळखलं नाही. "डोंगा कधी चालू होते बापा?" एवढंच विचारलं. तिची लेक पलीकडच्या गावात बाळंत व्हायची होती आणि हिला तिच्याकडे जायचं होतं. जो डोंगा तिला घेऊन बुडाला, त्याच डोंग्याची ती वाट बघत होती.

मग एका दिवशी दोन लखोटे एकदमच आले. एकात माझ्या नावानं लेखी ताकीद होती आणि परिवीक्षा आणखी एक वर्ष वाढवल्याचा हुकूम होता. दुसऱ्यात घाटाचा परवाना पूर्ववत करण्याचा आदेश. वरिष्ठांनी माझा कागद वर पाठवला होता. ताकीद वाचून मला वाईट वाटलंच, उगाच खोटं कशाला बोलू. पण पहिली बस पकडून मी सौसरला निघालो ते दुसरा लखोटा छातीशी धरून. डोंग्याची साखळी काढली, बोर्डावरचा जुना आकडा खरवडला आणि नवा लिहिला. १४. नावाड्याच्या बायकोनं कोणाकडून तरी तो वाचून घेतला, स्वतःच्या बोटांवर मोजून बघितला आणि मान हलवली.

भादव्यात एकदा पलीकडच्या गावात माझं काम होतं. दुपारी परतताना उशीर झाला. पांढुर्ण्याची शेवटची बस गाठायची तर हीच खेप पकडायला हवी होती. मी चिखलातून पळत घाटावर आलो तर डोंगा भरलेला, नावाडी बांबू रोवून ढकलायच्या बेतात. मी हात केला आणि एक पाय डोंग्यात ठेवला.

"थांबा जी," तो म्हणाला. "चौदा झाले."

डोंग्यातली माणसं गडबडली. "अरे, साहेब आहेत! बसू दे ना त्याइले," एक जण म्हणाला. दुसरा सरकून जागा करायला लागला. मीही म्हणालो, "बस जाईल माझी."

नावाड्यानं माझ्याकडे पाहिलं. घाबरला होता तो. बांबूवरची त्याची बोटं घट्ट झालेली मला दिसली. जन्मभर सरकारी माणसाला "हो जी" म्हणत आलेला तो माणूस.

"तुमी बसले त मले तो बोरड पुसा लागन साहेब," तो म्हणाला.

माझ्या नाकावरचा राग क्षणभर नेहमीच्या जागी आला. पण मी पाय मागे घेतला. डोंगा निघाला. पांढरा पट्टा पाण्याला टेकून होता, वर नऊ इंच कोरडं लाकूड, आणि चौदा माणसं पलीकडे चालली होती. माझी बस गेली ती गेलीच.

पुढच्या खेपेला तेरा माणसं जमली. मी चौदावा बसलो.